खोटी जाहिरात ओळखली, मग तक्रार का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन लिलावात फसलेल्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. त्या प्रत्येक बातमीत एक फसवणारा असतो आणि एक फसलेला असतो. तिसऱ्याचा उल्लेख मात्र कुठेच नसतो. हा तिसरा म्हणजे तीच जाहिरात आधी पाहिलेला, तिच्यातला खोटेपणा बरोबर ओळखलेला आणि ‘आपल्याला काय करायचंय’ असे म्हणून पुढे निघून गेलेला माणूस. बरीच वर्षे मी स्वतः हा तिसरा माणूस होतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

जुने फिल्म कॅमेरे आणि त्यांच्या लेन्स जमवण्याचा मला छंद आहे. काही काळापूर्वी एका लिलावाच्या संकेतस्थळावर मला हवी असलेली लेन्स दिसली. फोटो सुरेख होते, बोली नेहमीच्या किमतीच्या निम्म्याहूनही खाली होती आणि लिलावाची मुदत एकच दिवसाची होती. अशा लेन्सच्या पुढच्या कड्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो. फोटो मोठा करून तो वाचला, तेव्हा शेवटचे आकडे ओळखीचे वाटले, कारण काही महिन्यांपूर्वी हीच लेन्स माझ्या हातून थोडक्यात निसटली होती आणि त्या हुकलेल्या लिलावाचे फोटो मी हळहळत जपून ठेवले होते. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. तोच क्रमांक, कड्यावरचा तोच ओरखडा आणि खालच्या टेबलक्लॉथला पडलेली तीच घडी. लेन्स घेणाऱ्याने ती पुन्हा विकायला काढणे शक्य आहे; पण टेबलक्लॉथची घडी काही दुसऱ्याच्या घरी जशीच्या तशी पडत नाही.

मग विक्रेत्याचे खाते उघडून पाहिले. खाते दहा वर्षांचे जुने, अभिप्राय शंभर टक्के चांगले. मात्र ते सारे अभिप्राय लहान मुलांच्या कपड्यांबद्दलचे होते, शेवटचा व्यवहार तीन वर्षांपूर्वीचा होता आणि आता दोन दिवसांत त्याच खात्यावर महागड्या कॅमेऱ्यांच्या साठ जाहिराती लागल्या होत्या. एका फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘बोली लावण्यापूर्वी या पत्त्यावर लिहा’ असे म्हणून एक ईमेल पत्ता दिला होता. तो वर्णनात न लिहिता चित्रात चिकटवण्यामागे हिशेब असतो: वर्णनातला मजकूर संकेतस्थळाची यंत्रणा आपोआप तपासू शकते, चित्रातली अक्षरे तिच्या नजरेतून सुटण्याची शक्यता जास्त असते. हे सगळे मला त्याच क्षणी समजले होते. मी खिडकी बंद केली आणि झोपायला गेलो. दोन आठवड्यांनी ओळखीच्या एका संग्राहकाने सांगितले, की त्या लेन्सचे पैसे त्याने परस्पर पाठवले होते आणि लेन्स काही आली नाही.

अशा जाहिराती ओळखणे वाटते तितके अवघड नाही, मात्र किंमत पाहून संशय घेण्याची आपली सवय अपुरी आहे. लिलावात सुरुवातीची बोली कमी असणे हे स्वाभाविकच असते. किंबहुना लिलावाची गंमतच ती असते. पाहायचे ते विसंगतीकडे. विक्रेत्याचा इतिहास आणि आजचा माल यांचा मेळ बसतो का, सगळे फोटो एकाच घरात, एकाच उजेडात काढलेले दिसतात का, वर्णनातली भाषा मध्येच बदलते का, हे पाहावे. फोटोवरून मूळ चित्र शोधून देण्याची सोय आता बहुतेक शोधयंत्रांत असते आणि उचललेला फोटो तिथे पुष्कळदा पकडला जातो. शंका आली तर वस्तूचा एखादा ठरावीक कोनातला नवा फोटो मागावा. वस्तू खरोखर हाताशी असलेला माणूस तो दोन मिनिटांत काढतो. नसलेला माणूस आजारपण, प्रवास, बिघडलेला कॅमेरा अशा कथा सांगू लागतो.

यापेक्षा महत्त्वाची खूण पैशांच्या वाटेची आहे. संकेतस्थळावरून संवाद बाहेर काढणे आणि मग वायर ट्रान्सफर, गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोने पैसे मागणे, हे घडले की बाकी काही तपासण्याची गरज उरत नाही. संकेतस्थळाचे संरक्षण हे संकेतस्थळाच्या आतल्या व्यवहारापुरतेच असते आणि ठगाला नेमके तेच नको असते. काही जण ‘तुमच्या समाधानासाठी पैसे मध्यस्थाकडे ठेवू’ असे म्हणून मध्यस्थ कंपनीचा दुवाही पाठवतात. ती कंपनी त्यांचीच असते.

बोली फुगवण्याचा प्रकार मात्र खरोखर फसवा असतो, कारण त्यात वस्तू खरी असू शकते आणि ती घरपोच मिळतेही. आपण आपली कमाल रक्कम गुपचूप नोंदवतो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरती बोली वाढवत जाते. विक्रेत्याचा साथीदार, किंवा दुसऱ्या नावाने विक्रेता स्वतः, थोडी थोडी बोली वाढवत आपली कमाल मर्यादा चाचपतो. कधी तो एकदम भरमसाट बोली लावून ती मर्यादा उघडी पाडतो, ‘चुकून एक शून्य जास्त पडले’ म्हणून बोली मागे घेतो आणि पुन्हा आपल्या मर्यादेच्या किंचित खाली येऊन थांबतो. मे २००० मध्ये ईबे या अमेरिकी लिलाव-संकेतस्थळावर एक अमूर्त चित्र २५ सेंटांपासून लिलावाला निघाले होते. अडगळ विकणारा भोळा संसारी माणूस असल्याचा आव विक्रेत्याने आणला होता. प्रत्यक्षात तो पेशाने वकील होता. चित्रावर ‘आरडी’ ही आद्याक्षरे आणि ५२ हा आकडा पाहून ते रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत अमेरिकी चित्रकाराचे असावे असा ग्राहकांचा समज झाला, आणि बोली १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. विक्रेत्याने स्वतःच बोली लावल्याचे उघड झाल्यावर ईबेने विक्री रद्द केली आणि पुढच्या वर्षी प्रकरण फौजदारी न्यायालयात गेले. त्या जाहिरातीत डीबेनकॉर्नचे नाव कुठेही लिहिलेले नव्हते, हे मला त्या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. खोटे ग्राहकाने स्वतःच्याच मनात पूर्ण केले.

पूर्वी बोली लावणाऱ्यांची नावे सर्वांना दिसत असत आणि एकाच विक्रेत्याच्या लिलावात पुन्हा पुन्हा येऊन हरणारे नाव जाणकार हेरत असत. पण हरलेल्या ग्राहकांना गाठून ‘जिंकणाऱ्याने माघार घेतली, वस्तू तुम्हालाच देतो’ अशी बनावट पत्रे पाठवणारे ठगही त्याच यादीवर जगत होते. त्यामुळे ईबेसारख्या संकेतस्थळांनी नावे झाकली. निर्णय योग्यच होता, मात्र त्याने एक फसवणूक रोखताना दुसरी ओळखण्याचे साधन ग्राहकाच्या हातून गेले. साथीदाराच्या बोल्या पकडण्याचे काम आता बव्हंशी संकेतस्थळाच्याच हाती आहे, म्हणून तिथे आपल्या तक्रारीचे मोल वाढले आहे. सामान्य ग्राहक पुरावा देऊ शकत नसला तरी कुठे पाहायचे, ते नक्की सांगू शकतो.

तक्रार करण्याबाबत मी जे ठेचा खाऊन शिकलो, ते सांगतो. जाहिरातीचा क्रमांक टिपून घ्यावा आणि पानाचे स्क्रीनशॉट आधी काढावेत, कारण जाहिरात उतरवली की पुरावाही नजरेआड होतो. तक्रारीत ‘हा चोर आहे’ असे लिहून काही साधत नाही. ‘दुसरा आणि चौथा फोटो अमुक क्रमांकाच्या जुन्या लिलावातून घेतला आहे, अनुक्रमांक तोच आहे’ एवढे एक वाक्य वाचणाऱ्याला लगेच पडताळता येते. तक्रार लिलाव चालू असतानाच करावी. पैसे गेल्यानंतरची तक्रार वेगळी असते. ती संकेतस्थळाबरोबर आपल्या बँकेकडे आणि सायबर पोलिसांकडेही त्याच दिवशी गेली पाहिजे. विक्रेत्याला ‘तुला ओळखले’ असे कळवण्याचा मोह आवरावा, कारण त्याने तो सावध होतो आणि फोटो बदलतो. काही उत्साही मंडळी खोट्या लिलावात मुद्दाम अव्वाच्या सव्वा बोली लावून तो नासवतात. त्यांचा हेतू कळतो, तरीही तो नियमभंग आहे आणि कारवाई झाली तर ती त्यांच्याच खात्यावर होते.

आणखी एक गोष्ट. माझ्या लेन्सच्या प्रकरणातले खाते बहुधा चोरलेले होते; त्याची मूळ मालकीण किंवा मालक कोण्या काळी बाळाचे कपडे विकून थांबलेले साधे कुटुंब असावे. त्या नावाचा जाहीर पंचनामा केला असता, तर चुकीच्या माणसाची बदनामी झाली असती. म्हणून संशयाची जागा तक्रारीचा अर्ज हीच आहे, चावडी नव्हे.

लोक तक्रार करत नाहीत याला आळस हे एकच कारण नाही. ईबेने १९९६ मध्ये खरेदीदार आणि विक्रेता यांनी एकमेकांना अभिप्राय देण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा तिच्यातून आपोआप सचोटी टिकेल अशी अपेक्षा होती. झाले असे, की आपण वाईट लिहिले तर समोरचाही सूड म्हणून वाईट लिहील या धास्तीने पुष्कळ ग्राहक गप्प राहू लागले. अखेर २००८ मध्ये ईबेला विक्रेत्यांची खरेदीदारांना नकारात्मक अभिप्राय देण्याची मुभाच काढून घ्यावी लागली. विक्रेत्यांना तो अन्याय वाटला आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते. पण भीतीपोटी आलेले मौन चांगल्या गुणांच्या रूपाने खात्यावर जमा होत होते, हे त्या बदलाने मान्य केले. आजचे मौन वेगळ्या जातीचे आहे. आता भीती नाही, तक्रारीचे पुढे काही होते यावर विश्वास नाही.

हा अविश्वास संकेतस्थळांनी ओढवून घेतला आहे. गेल्या महिन्यात मी आणखी एका उचललेल्या फोटोंच्या जाहिरातीची तक्रार केली. अर्जात कारणांची ठरीव यादी होती. ‘फोटो दुसऱ्या जाहिरातीतून घेतले आहेत’ हे कारण तिच्यात नव्हते आणि मूळ जाहिरातीचा दुवा देण्यासाठी रकानाही नव्हता. जवळचे म्हणून ‘इतर’ निवडले. चार तासांनी जाहिरात नाहीशी झाली. ती माझ्या तक्रारीने गेली, विक्रेत्याने स्वतः काढली की अन्य कोणामुळे गेली, हे मला आजतागायत कोणी कळवलेले नाही. विक्रेत्याची खासगी माहिती मला नकोच आहे. तक्रारीला क्रमांक मिळावा, पुरावा जोडायला जागा असावी, कारवाई झाली किंवा नाही एवढा एका ओळीचा निरोप यावा आणि जाहिरात उतरवल्यावर तोवर तिच्यावर बोली लावलेल्या प्रत्येकाला ‘या विक्रेत्याला संकेतस्थळाबाहेर पैसे पाठवू नका’ असा इशारा त्याच तासाला जावा, एवढीच माझी या कंपन्यांकडे मागणी आहे. बोली लावणाऱ्यांची यादी त्यांच्याकडे असते. आमच्याकडे नसते.

आपला विश्वासू,
एक वाचक