ती चेरी नव्हे, शोभेचे पेअर

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील वसंत ऋतूवर आलेल्या लेखासोबत पांढऱ्या फुलांनी डवरलेल्या झाडांच्या रांगेचे छायाचित्र छापले असून त्याखाली ‘चेरीचा बहर’ अशी ओळ आहे. ती झाडे चेरीची नसून शोभेच्या पेअरची, म्हणजे इकडे ज्याला ‘ब्रॅडफर्ड पेअर’ म्हणतात, त्याची आहेत. मी ओहायोत राहतो आणि सतरा वर्षे असेच एक झाड माझ्या दारात होते, म्हणून हे खात्रीने लिहीत आहे.

अशी गल्लत इकडच्या मराठी मंडळींचीही दर एप्रिलात होते. चेरीच्या पाकळीला टोकाशी बारीक खाच असते आणि तिच्या सालीवर आडव्या रेघा दिसतात. पेअरची पाकळी मात्र गोल, बिनखाचेची असते आणि फुलाच्या मध्यभागी जांभळट लाल परागकोश टाचणीच्या डोक्यांसारखे उठून दिसतात. एवढ्यानेही ओळख पटली नाही तर वासाने पटते, कारण या फुलांना चक्क शिळ्या मासळीचा वास येतो. सप्तपर्णीच्या बहरात ज्यांचे पुण्या-मुंबईत डोके दुखते, त्यांना आमच्या वसंताची कल्पना सहज करता येईल.

मुळात हे झाड चीनमधून अमेरिकेत आले ते शोभेसाठी नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या पेअरच्या बागा ‘फायर ब्लाइट’ या जिवाणूजन्य रोगाने करपत होत्या, तेव्हा या रोगाला दाद न देणारा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचे रोप, मिळावा म्हणून कृषी खात्याच्या फ्रँक मेयर यांनी चीनमध्ये या जंगली पेअरचे बी गोळा केले. पुढे मेरीलँडमधील ग्लेन डेल येथील सरकारी केंद्रात चिनी बियांपासून वाढलेल्या झाडांत एक बिनकाट्याचे, डौलदार झाड सापडले. केंद्राचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड यांचे नाव देऊन 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची कलमे बाजारात आली. कसलीही माती चालते, वाढ झपाट्याने होते, वसंतात पांढरे आणि पानगळीत लालभडक दिसते. नव्या वसाहती बांधणाऱ्यांना आणखी काय हवे होते?

सगळी झाडे एकाच झाडाची कलमे असल्यामुळे आणि या जातीत स्वतःच्या परागाने फळ धरत नसल्यामुळे झाड पसरणार नाही, अशी सर्वांची समजूत होती. परंतु त्याच्या फांद्या मोडू लागल्या तशा रोपवाटिकांनी ‘अ‍ॅरिस्टोक्रॅट’, ‘रेडस्पायर’ आणि आमच्याच क्लीव्हलँडच्या रस्त्यावर सापडलेली ‘क्लीव्हलँड सिलेक्ट’ अशी दुसरी वाणे आणली. वाणांचा आपसात संकर होऊन गोटीएवढी फळे लगडू लागली, पक्ष्यांनी ती खाऊन बी सर्वत्र टाकले आणि पडीक शेतांत काटेरी पेअरची रानेच उभी राहिली. ओहायोत 1 जानेवारी 2023 पासून हे झाड विकण्यास व लावण्यास मनाई आहे. पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिना येथेही 2024 पासून विक्रीवर बंदी आली.

दारात आधीपासून असलेले झाड ठेवता येते, मात्र त्याची काळजी घ्यावी लागते आणि ती लहानपणापासूनच घ्यावी लागते. या झाडाचा खरा दोष त्याच्या बेचक्यांत आहे. बुंध्याच्या एकाच ठिकाणाहून आठ-दहा फांद्या जवळजवळ सरळ वर निघतात आणि दोन फांद्यांच्या मध्ये साल चिमटून राहिल्यामुळे लाकडाला लाकूड घट्ट धरत नाही. त्यासाठी पहिली पाच-सहा वर्षे, पाने फुटण्याआधी हिवाळ्याच्या शेवटी, एकच मधला शेंडा राखून त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि रुंद कोनाच्या फांद्या एकमेकींपासून अंतर ठेवून वाढवाव्यात. कोवळा शेंडा काळा पडून काठीच्या मुठीसारखा वाकलेला दिसला तर तो ‘फायर ब्लाइट’ समजावा, फांदी रोगट भागाच्या वीतभर खाली कापावी आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी. कलमाच्या खालून येणारे काटेरी फुटवे तर दिसताक्षणी मुळाशी काढावेत, कारण ते खुंटाचे असतात आणि फुलावर आले की त्यांच्या परागाने वरच्या कलमाला फळे धरतात.

मी यातले काहीच केले नव्हते. झाड घर घेतले तेव्हाच दारात होते, दिसायला देखणे होते आणि इतक्या सुंदर झाडाला कात्री लावायला हात धजावला नाही. एका मार्चमध्ये रात्रभर बर्फाळ पाऊस पडला आणि पहाटे बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. झाड मधोमध उभे चिरले होते आणि त्याचा अर्धा भाग शेजाऱ्यांच्या गाडीवर पडला होता. चिरलेल्या जागी आत दडलेली काळपट साल कितीतरी इंच खोल गेलेली स्पष्ट दिसत होती. बाहेरून कधी शंकाही आली नव्हती. झाड तोडले तरी प्रश्न मिटला नाही, कारण जमिनीत उरलेल्या बुडख्याच्या ताज्या कापालाच तणनाशक न लावल्यामुळे उन्हाळ्यात चहूबाजूंनी काटेरी फुटवे वर आले. ते काढताना जाड हातमोज्यांतूनही काटे घुसले.

आता त्या जागी इथल्याच मातीतले ‘सर्व्हिसबेरी’ लावले आहे. त्यालाही पांढरीच फुले येतात, फक्त त्यांना मासळीचा वास नाही.

छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
कोलंबस, ओहायो