आधी ओळख, मग पुस्तक

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात आणि उघडल्याबरोबर पाठ सुरू होतात. पाचवीत चार गावची पोरं एकत्र येतात, पण दिवाळीपर्यंत एसटीने येणाऱ्या मुली वेगळ्याच बाकावर. यंदा माझ्या मुलीच्या बाईंनी चिंध्यांचा चेंडू आणला. ज्याच्या हाती चेंडू, त्याने फेकणाऱ्याचं नाव घ्यायचं, मग तान्ह्या पोळ्यातल्या, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्यातल्या, आपल्या लाकडी नंदीबद्दल सांगायचं. एक पोरगी खाली मान घालून पुटपुटली, ‘माझ्या नंदीचं शिंग तुटलं होतं.’ लगेच तिघं ओरडले, ‘माझ्याही!’ (खो-खोनेही ओळख होते म्हणतात, पण लाजाळू पोर तिथं कडेलाच राहतं.) शाळांनी पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास यासाठी ठेवावा.

— एक पालक, ता. दर्यापूर, जि. अमरावती