रील टाकण्याआधी फ्रेम मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र आले की टेंभी नाक्यापासून वाशी-नेरूळपर्यंत दांडिया आणि मिरवणुकांच्या रील्स सुरू होतात. त्यांतल्या कितीतरी रील्समध्ये तालावर पांढरा-काळा किंवा लाल-निळा प्रकाश लखलखत असतो. कधी तो मंडपातल्या स्ट्रोब लाइटचा असतो, कधी एडिटिंग ॲपमधल्या ‘फ्लॅश’ इफेक्टचा. प्रकाशसंवेदी अपस्मार (लखलखत्या प्रकाशाने फिट येण्याचा विकार) असलेल्यांना अशा दृश्याने फिट येऊ शकते. या विषयाचा अभ्यास करणारे आणि तो शाळाशाळांतून सांगणारे विद्यार्थी म्हणून रील बनवणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे : नुसती ‘सावधान’ची पाटी लावून थांबू नका, लखलखाटच कमी करा.

पाटी पुरत नाही, कारण मोबाइलवर व्हिडिओ आपोआप सुरू होतो. पाटी वाचून होईपर्यंत लखलखाट डोळ्यांपुढे आलेलाही असतो. शिवाय पाटी कोणासाठी आहे, हे बघणाऱ्यालाच ठाऊक नसते. अपस्मार असलेल्या शंभरांपैकी साधारण तिघांना प्रकाशाचा त्रास होतो, त्यांत शाळकरी आणि किशोरवयीन मुले जास्त, मुलग्यांपेक्षा मुली अधिक. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढताना डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून हे तपासता येते, पण पहिली फिट येईपर्यंत ती तपासणी करतो कोण? आणि मुलीला फिट येते हे आजही घराबाहेर जाऊ दिले जात नाही. वधू-वरांना अपस्माराचे झटके येत नसावेत ही अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच काढली गेली, तरी स्थळे बघताना ती लोकांच्या मनात असतेच. त्यामुळे वर्गात, सोसायटीत कोणाला धोका आहे हे कळायला मार्ग नाही.

आता मोजायचे कसे ते सांगतो. वेबसाठीच्या जागतिक सुलभता निकषांनुसार (डब्ल्यूसीएजी) कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नसावेत. उजेड वाढून पुन्हा कमी झाला की एक लखलखाट धरायचा. आपला व्हिडिओ बहुधा सेकंदाला ३० फ्रेमचा, म्हणजे ३० स्थिर चित्रांचा असतो. एडिटिंग ॲपमधली टाइमलाइन मोठी करून एकेक फ्रेम पुढे सरकवा. एक फ्रेम पांढरी, एक काळी असे असेल, तर सेकंदाला १५ लखलखाट झाले. १५ ते २५ हा तर सर्वांत घातक पट्टा. दोन पांढऱ्या, दोन काळ्या केल्या तरी साडेसात होतात. एका लखलखाटापासून दुसऱ्यापर्यंत किमान १० फ्रेम गेल्याच पाहिजेत. गाण्याच्या तालावर कापत असाल तर हिशेब सोपा आहे : मिनिटाला १५० ठोक्यांच्या गाण्यात प्रत्येक ठोक्याला एक फ्लॅश दिला तर सेकंदाला अडीच होतात, चालेल. अर्ध्या ठोक्यावरही दिलात की पाच, चालणार नाही.

गडद लाल रंग यात सर्वांत वाईट, म्हणून त्याची तीव्रता उतरवा. पांढऱ्या फ्लॅशऐवजी फिकट करडा वापरून उजेड-अंधारातला फरक कमी करा. हलणाऱ्या दाट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनीही फिट येऊ शकते, तेव्हा एलईडी भिंतीवर त्या नकोत. चित्रीकरण करताना कॅमेरा थेट स्ट्रोबवर रोखू नका. मोबाइलवर छोटासा वाटणारा लखलखाट तीच रील टीव्हीवर लावली की नजर व्यापून टाकतो.

बघणाऱ्यांनी ॲपमधला ऑटोप्ले बंद ठेवावा. आयफोनवर ‘ॲक्सेसिबिलिटी’तल्या ‘मोशन’मध्ये ‘डिम फ्लॅशिंग लाइट्स’ ही सोय आहे, पण ती प्रत्येक व्हिडिओवर चालत नाही. खोलीत दिवा चालू ठेवावा, पडद्यापासून लांब बसावे. लखलखाट सुरू झालाच तर नुसते डोळे मिटू नयेत, कारण पापण्यांतून प्रकाश आत जातोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान फिरवावी. एकाच डोळ्याने पाहिले की मेंदूवरचा मारा कमी होतो. गरब्यातली जागरणे आणि चुकलेली गोळी यांनी धोका वाढतो. उपास असला तरी गोळी डॉक्टरांना न विचारता चुकवू नये.

फिट आलीच तर घड्याळ बघा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा आणि झटके ओसरताच कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून काहीही होत नाही. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, लागोपाठ दुसरी फिट आली किंवा ही पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करा.

शेवटी, या विषयावर शाळेत बोलणाऱ्यांसाठी आणि आपल्या दैनिकाच्या व्हिडिओ विभागासाठीही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. अनेकांना त्याआधी कधीच फिट आलेली नव्हती. ती दृश्ये बातम्यांत पुन्हा दाखवली, तेव्हा आणखी काही मुलांना त्रास झाला. म्हणून ‘हे बघा, असे असते’ म्हणत चमकणारी क्लिप प्रोजेक्टरवर लावू नका. तिच्या फ्रेम कागदावर ओळीने छापा आणि मुलांना बोट ठेवून मोजायला सांगा.

आपले,
विज्ञान मंडळाचे विद्यार्थी, ठाणे