सगळेच ‘गुप्त’ नसते

महोदय,

इंग्रजी बातम्यांच्या अनुवादात ‘सीक्रेट’, ‘कोव्हर्ट’, ‘क्लॅन्डेस्टाइन’, ‘कॉन्फिडेन्शियल’ अशा सगळ्याच शब्दांची बोळवण ‘गुप्त’ किंवा ‘गोपनीय’ म्हणून केली जाते, याकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. नेमके काय लपवले आहे आणि कोणापासून, हा या शब्दांमधला फरक पुसला गेला की बातमीचा अर्थच बदलतो.

लष्करी परिभाषेत हा फरक फार काटेकोर आहे. अमेरिकी लष्कराच्या व्याख्येनुसार ‘कोव्हर्ट’ कारवाईत प्रामुख्याने तिचा कर्ताकरविता लपवायचा असतो: पूल उडाल्याचे साऱ्या जगाला दिसते, पण तो कोणाच्या सांगण्यावरून उडवला हे सिद्ध होऊ नये आणि संबंधित सरकारला खुशाल कानांवर हात ठेवता यावेत, अशी तजवीज केलेली असते. ‘क्लॅन्डेस्टाइन’ कारवाईत मात्र असे काही घडले याचाच सुगावा लागू द्यायचा नसतो. भिंतीत दडवलेले, संभाषण टिपणारे यंत्र सापडले की त्या क्षणी ते निकामी ठरते, मग ते कोणी बसवले हे कळो वा न कळो. एखादी मोहीम दोन्ही प्रकारांत मोडू शकते, हे खरे. म्हणून तर मूळ शब्द कोणता हे तपासणे अधिकच गरजेचे आहे.

‘कॉन्फिडेन्शियल’चे मूळ भरवसा ठेवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. रुग्णाने डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट बाहेर फुटली, तर तो विश्वासघात ठरतो. ‘प्रायव्हेट’मध्ये भरवशाचाही प्रश्न नाही आणि लपवाछपवीचाही, त्या गोष्टीशी इतरांचा संबंध नाही, एवढेच. स्वतःची पत्रे कोणाला न दाखवणाऱ्या माणसाच्या खासगी पत्रव्यवहाराला ‘गुप्त पत्रव्यवहार’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि माझ्या मते या साऱ्यांतली ही सर्वांत गंभीर चूक आहे.

‘फर्टिव्ह’साठी तर शोधाशोधही नको. लॅटिनमध्ये ‘फुर’ म्हणजे चोर, आणि आपल्याकडे ‘चोरटा कटाक्ष’ तयारच आहे. तिथे ‘गुप्त कटाक्ष’ लिहिण्याचे काहीच कारण नाही.

‘कोव्हर्ट’साठी ‘छुपा हात असलेली’, ‘क्लॅन्डेस्टाइन’साठी ‘गुप्त’, ‘कॉन्फिडेन्शियल’साठी ‘गोपनीय’ आणि ‘प्रायव्हेट’साठी ‘खासगी’ अशी वाटणी आपल्या अनुवाद विभागाने ठरवून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक