सोनोग्राफीच्या खोलीतल्या अनोळखी माणसांचे आभार

भगंदराचं, म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेरच्या त्वचेपर्यंत तयार झालेल्या वाटेचं, दुखणं चारचौघांत सांगता येत नाही, म्हणून हे आभार तरी उघडपणे मानतो.

गुदद्वारातून आत जाणारा बोटाएवढा प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची दांडी, म्हटल्यावर मी आक्रसूनच गेलो होतो. ज्या ताईंनी मला डाव्या कुशीवर वळवलं, अंगावर चादर नीट ओढली आणि प्रत्येक पायरी आधी सांगितली, त्यांचं नाव मला ठाऊक नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांचंही नाही. भगंदराच्या त्वचेवरच्या, बाहेरच्या तोंडातून त्यांनी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडलं. त्याचे बुडबुडे पडद्यावर पांढरे चमकतात, त्यामुळे काळपट दिसणारी वाट एकदम उजळते. ती कुठल्या स्नायूतून जाते, आतलं तोंड कुठे आहे, बाजूला पू साठलाय का, हे सगळं त्यांनी मला दाखवलं. ऑपरेशनमध्ये शौचावर ताबा ठेवणारा स्नायू किती कापावा लागेल हे यावरच ठरतं, तेव्हा ही घाईची तपासणी नव्हेच. (किरणोत्सर्ग नसतो, हेही मला तिथेच कळलं.) वाट खोल किंवा फाटे फुटलेली असेल तर एमआरआय लागतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

आणि रांगेत स्वतःचा नंबर मला देणारे काका, तुमचेही आभार. बसणं किती कठीण असतं, हे तुम्ही न विचारता ओळखलंत.