फुगवट्यातल्या खडकांवर खुणा कधी लागणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तापी नदीवर हतनूर धरणापासून प्रकाशा बॅरेजपर्यंत ठिकठिकाणी पाणी अडवले गेल्यामुळे, आमच्या आजोबांच्या काळी जिथून उन्हाळ्यात बैलगाडी नदीपार जात असे तिथे आता वर्षातले कितीतरी महिने रुंद आणि संथ पाणी पसरलेले असते; यालाच फुगवटा म्हणतात. या पाण्यावर भोई-कोळी बांधवांच्या होड्या असतात, यात्रेच्या दिवसांत भाविकांना फिरवून आणणाऱ्या मोटरबोटी असतात आणि पूर आला की आपत्ती व्यवस्थापनाच्या रबरी बोटीही येतात. मात्र पाण्याखाली काय दडले आहे हे होडी हाकणाऱ्याला सांगणारी अधिकृत खूण मी ज्या ज्या फुगवट्यात फिरलो तिथे मला एकही आढळली नाही. मागच्या हिवाळ्यात माझ्याच आगाऊपणामुळे एक अपघात होता होता राहिला. त्यानंतर या विषयावर लिहायचे ठरवले होते, ते आज लिहीत आहे.

मी पंधरा वर्षे नौदलात काढून गावी परतलेला माणूस आहे. त्यातली बरीचशी वर्षे ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, नकाशाच्या टेबलाजवळ गेली. दत्तजयंतीच्या सुमारास पाहुण्यांना घेऊन आम्ही तापीच्या एका फुगवट्यात मोटरबोटीतून निघालो होतो. प्रवाहाच्या उलट, म्हणजे पूर्वेकडे आमचे तोंड होते. पुढे पाण्यावर डावीकडे एक तांबडा प्लॅस्टिकचा कॅन आणि उजवीकडे एक हिरवा कॅन तरंगताना दिसला. वर चढताना तांबडी खूण डाव्या हाताला आणि हिरवी उजव्या हाताला ठेवून मधून जायचे हे माझ्या अंगात इतके मुरलेले आहे की, सुकाणू धरलेला मुलगा घुटमळत असताना मीच त्याला म्हणालो, ‘मधून घे.’ फौजी काका सांगतात म्हणून त्याने घेतली. दुसऱ्याच मिनिटाला खालून खणकन आवाज आला, इंजिन मोकळेच घरघरू लागले आणि होडी एका बाजूला कलंडली. घाबरून चौघे-पाचजण एकदम उठून त्याच बाजूला झुकले तेव्हा काठावरून दोन-तीन बादल्या पाणी आत आले. पंख्याची पिन तुटली होती, एवढ्यावर निभावले.

खाली काय होते? धरणात गेलेल्या एका जुन्या विहिरीचे थारोळे, म्हणजे मोटेचे पाणी ओतण्याचे दगडी बांधकाम! दोन्ही कॅन दोन वेगळ्या माणसांच्या जाळ्यांचे होते आणि त्यांच्या रंगाला काहीही अर्थ नव्हता. खरी खूण माझ्या डोळ्यांसमोरच होती. पाण्याबाहेर हातभर आलेल्या एका बांबूला युरियाची रिकामी पांढरी गोणी बांधलेली होती आणि मी ती वाहून आलेला कचरा समजलो होतो. मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या होडीतून येऊन आम्हाला ओढून नेताना सांगितले, ‘भाऊ, पानी वरथीन सारखंच दिसस, खाले काय शे ते आमलेच माहीत.’ त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चूक पूर्णपणे माझी होती, कारण ज्या पाण्यावर कोणी खुणांची भाषा ठरवलेलीच नाही तिथे मी समुद्राची भाषा वाचत बसलो.

पण या प्रसंगाला दुसरीही बाजू आहे. त्या वृद्ध नावाड्याला प्रत्येक विहीर, प्रत्येक बुडालेला बांध आणि प्रत्येक वठलेले झाड पाठ आहे, कारण त्याने ते शिवार कोरडे असताना पाहिलेले आहे. त्याच्या मुलाने ते पाहिलेले नाही. बाहेरगावाहून पुराच्या वेळी येणाऱ्या पथकाने तर मुळीच पाहिलेले नसते. गोणी एका पावसाळ्यात फाटते, बांबू लोंढ्याबरोबर वाहून जातो आणि ज्ञान एका माणसाच्या डोक्यात अडकून राहते.

खुणांची भाषा नव्याने शोधण्याची गरज नाही. पूर्वी जगात तीसहून अधिक निरनिराळ्या पद्धती होत्या. १९८० साली टोकियोच्या परिषदेत बहुतेक देश एका पद्धतीवर आले, फक्त तांबड्या-हिरव्याच्या बाबतीत जगाचे दोन विभाग राहिले. भारत ‘अ’ विभागात आहे. समुद्राकडून आत येताना, म्हणजे नदीत प्रवाहाविरुद्ध जाताना, डावीकडे तांबडा डबा आणि उजवीकडे हिरवा शंकू असतो. डबा आणि शंकू हे आकार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, कारण संध्याकाळच्या उजेडात रंग ओळखू येत नाहीत आणि काही माणसांना तांबडे-हिरवे एरवीही वेगळे दिसत नाही. आपली तापी पश्चिमेला वाहते, त्यामुळे आपल्याकडे हे लक्षात ठेवणे अगदी सोपे आहे: तांबडे सातपुड्याच्या बाजूला, हिरवे दक्षिण काठाला. नर्मदाही पश्चिमेलाच वाहते, तेव्हा तिथे अक्कलकुवा-धडगावचा आपला काठ हिरव्याचा ठरतो. इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आजची मुले मोबाईलवर अमेरिकन चित्रफिती पाहून शिकतात आणि अमेरिका ‘ब’ विभागात आहे. तिथे आत येताना तांबडे उजवीकडे असते. ते पाठ करून तापीत उतरणारा माणूस काहीच न शिकलेल्या माणसापेक्षा अधिक धोकादायक समजावा.

तरीही माझ्या मते धरणाच्या पसरट पाण्यात तांबड्या-हिरव्यापेक्षा दिशादर्शक खुणाच जास्त उपयोगाच्या आहेत, कारण तिथे ठराविक वाट नसते. एखादा खडक किंवा थारोळे तेवढे टाळायचे असते. या खुणा काळ्या-पिवळ्या असतात आणि माथ्यावर दोन काळे शंकू असतात. दोन्ही टोके वर असतील तर उत्तरेकडून जा, दोन्ही खाली असतील तर दक्षिणेकडून. दोन्ही शंकूंचे बूड एकमेकांना लागून शंकरपाळीसारखा आकार झाला असेल तर पूर्वेकडून आणि टोकाला टोक भिडून डमरू झाला असेल तर पश्चिमेकडून. शंकूची टोके जिकडे दाखवतात तिकडे खांबावर काळा रंग असतो: उत्तरेच्या खुणेत काळा वर, दक्षिणेच्या खाली, शंकरपाळीत वर-खाली दोन्हीकडे आणि मधे पिवळा, डमरूत मात्र काळा मधे. रात्री त्यांच्यावर पांढरा दिवा लुकलुकतो आणि त्याचे गणित घड्याळाचे आहे: पूर्वेचा तीन वेळा, दक्षिणेचा सहा वेळा आणि शेवटी एक लांब उजेड, पश्चिमेचा नऊ वेळा, उत्तरेचा न थांबता. आठवीतल्या माझ्या नातवाला हे सगळे पाठ व्हायला एक दुपार पुरली. शंकरपाळी आणि डमरू त्याने वहीत स्वतःच काढले. याखेरीज एकट्या खडकावर, ज्याच्या चहूबाजूंनी पाणी मोकळे आहे तिथे, काळ्या खांबावर तांबडा पट्टा आणि माथ्यावर दोन काळे गोळे ही खूण लावतात. मी ज्या थारोळ्याला धडकलो त्याला नेमकी हीच खूण शोभली असती.

आता नकाशाविषयी. समुद्राचे नकाशे डेहराडूनचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय काढते आणि त्यांतली चिन्हे जगभर जवळपास सारखी असतात. पाण्यावर विखुरलेले आकडे म्हणजे मीटरमधली खोली. आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा ओहोटीला पाण्याबाहेर उघडी पडते आणि रेघेवरचा आकडा तिची उंची सांगतो. अधिक चिन्ह म्हणजे पाण्याखालचा खडक, त्याच्या चार कोपऱ्यांत टिंबे दिली असतील तर तो अगदी पृष्ठभागाला टेकलेला आणि चांदणीसारखी खूण असेल तर कधी बुडणारा, कधी उघडा पडणारा. भोवती टिंबांची रेघ काढलेली असेल तर सरळ लांबून जावे. ही खोली आजच्या पाण्यापासून मोजलेली नसते. ती एका ठरवलेल्या खालच्या पातळीपासून मोजलेली असते आणि भरतीचे पाणी त्यात मिळवावे लागते. हे एक वाक्य समजले की नकाशा समजला.

आपल्या धरणांना भरती-ओहोटी नाही, पण पाण्याची चढउतार मोठी आहे आणि बॅरेजचे दरवाजे उघडले की ती काही तासांत होते. मात्र आपल्याकडे एक मोठी सोय आधीपासूनच आहे: पाण्याची पातळी रोज समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये मोजली जाते. हतनूर २१४ मीटरला पूर्ण भरते आणि ४१ पैकी किती दरवाजे उघडले हे आपल्याच वृत्तपत्रात पावसाळाभर छापून येते. तेव्हा प्रत्येक बुडालेल्या विहिरीच्या, ओट्याच्या आणि खडकाच्या माथ्याची उंची त्याच मापात एकदा नोंदवून ठेवली की बाकी सगळी तिसरीतली वजाबाकी आहे. समजा एखाद्या थारोळ्याचा माथा २१२.४ मीटरवर आहे. पाणी २१४ ला असेल तर वर १.६ मीटर पाणी आहे आणि होडी खुशाल जाते. पाणी २१२.७ वर उतरले की उरते जेमतेम ३० सेंटिमीटर आणि पंखा तिथे मोडणारच. धोका भरलेल्या धरणात कमी असतो आणि उतरत्या धरणात वाढतो. गावात मात्र याच्या नेमके उलटे समजतात. गाळाचे मात्र भान ठेवले पाहिजे, विशेषतः पूर्णेच्या गाळामुळे हतनूरच्या बाबतीत. काढलेला नकाशा दर दोन-तीन वर्षांनी बांबूने किंवा यंत्राने पुन्हा तपासावा लागेल.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१६ च्या कायद्याने हतनूरपासून खंबायतच्या आखातापर्यंतचा तापीचा ४३६ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० झाला आहे आणि १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. कागदावर आपण जलमार्गाच्या काठावर राहतो. त्या मार्गावर मला दिसलेली एकमेव खूण म्हणजे युरियाची गोणी.

नर्मदाकाठची गोष्ट अधिक गंभीर आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांना होडीखेरीज वाट उरलेली नाही, दवाखानाही बोटीतूनच येतो आणि अडलेल्या बाळंतिणीला न्यायचे तर रात्र-दिवस पाहता येत नाही. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत बोट उलटून माणसे गेली तेव्हा बोटीतल्या गर्दीची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. परंतु पाण्यात उभी वठलेली झाडे आणि बुडालेल्या टेकड्यांचे माथे यांच्याविषयी त्या वेळीही कोणी बोलल्याचे मला स्मरत नाही. हौसेच्या फेऱ्या सूर्यास्ताला बंद करता येतील, आजाऱ्याची फेरी बंद करता येणार नाही. दिव्याची खूण पहिल्यांदा कुठे लागावी असे मला कोणी विचारले तर मी तापी सोडून नर्मदेचे नाव घेईन.

खुणा लावण्याबाबत एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. तरंगते बोये आपल्या धरणांत फारसे टिकणार नाहीत. पाणी चढेल तेवढी साखळी लांब ठेवावी लागते आणि पाणी उतरले की तोच बोया सैल साखळीवर वाटेल तिथे भरकटतो. पहिल्या पुरात तर झाडाच्या ओंडक्यांबरोबर जातोच. जागा सोडून गेलेली खूण ही खूण नसण्यापेक्षा वाईट. त्यापेक्षा खडकावर किंवा थारोळ्यावरच काँक्रीटमध्ये लोखंडी खांब रोवावा, त्यावर रंग आणि माथ्यावर पत्र्याचे शंकू किंवा गोळे बसवावेत आणि पावसाळा संपला की एकदा सगळे खांब पाहून घ्यावेत.

जाळ्यांच्या कॅनबद्दल मच्छीमार बांधवांवर दंडाची भाषा कोणी करू नये असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. पाणी आधी त्यांचे आहे, हौशी लोक मागून आले. जाळ्याला पांढरा कॅन बांधा, तांबडा, हिरवा आणि पिवळा तेवढा टाळा, एवढी विनंती सोसायटीच्या बैठकीत केली तर ती मानली जाईल, कारण होडीच्या पंख्यात जाळे अडकून फाटते ते त्यांचेच. होडी चालवणारे, जाळी टाकणारे आणि आपदा मित्र (आपत्तीत मदतीसाठी प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक) यांना एकत्र बसवून, मराठीत आणि जमेल तिथे अहिराणी, पावरी व भिलीत, एक दिवसाचा वर्ग घेता येईल. त्यात शिकवणाऱ्यांच्या रांगेत त्या वृद्ध नावाड्यासारख्या माणसांना बसवावे, कारण कोणती विहीर कुठे आहे हे नकाशा काढणाऱ्याला सांगणार तेच आहेत.

सध्या पाणी उतरत आहे. गेल्या आठवड्यात मी मुद्दाम जाऊन पाहिले तेव्हा ते थारोळे गुडघाभर उघडे होते, त्याच्या कडेच्या दगडावर आमच्या पंख्याने उठवलेला पांढरा ओरखडा अजून दिसतो आणि बाजूच्या बांबूवरची गोणी नाहीशी झालेली आहे. खांब रोवायला कोरडी जागा मिळेल ती मृग लागेपर्यंतच. पाटबंधारे खात्याने आणि जिल्हा प्रशासनाने जागा ठरवून दिल्या तर रंगकाम आणि वर्ग या दोन्ही कामांसाठी मी व माझे दोन निवृत्त सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक,
ता. शहादा, जि. नंदुरबार