आई, तुझ्या हातची चव गेलेली नाही

ती. बाबा आणि सौ. आई यांस सा. न.

फोनवर बाबांच्या पोटदुखीचा आणि तिच्या इलाजाचा विषय निघाला की बाबा फोन तुझ्या हातात देतात आणि तू रडतेस, म्हणून लिहिते आहे. आई, हे मोठ्याने वाच. बाबांनी मधूनच उठून जायचं नाही.

आधी तुझ्यासाठी. गेले आठ महिने बाबा अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठतात. तू तिखट बंद केलंस, डाळी बदलल्यास, शेवटी म्हणालीस, माझ्या हातची चवच गेली. तसं नाही गं. त्यांना भूक लागते. पण खाल्लं की अर्ध्या तासात पोटात पीळ पडतो, म्हणून ते जेवायलाच घाबरतात. बारशाच्या दिवशी पंगतीतून उठून गोठ्यामागे उकिडवे बसले होते. मला वाटलं, विडी ओढायला गेले. (ओढतही होतेच.)

पित्ताच्या गोळ्या झाल्या, दुर्बीण घालून झाली, काही सापडलं नाही. सापडणार कसं? बिघाड पोटात नव्हता, आतड्याला रक्त नेणाऱ्या नळ्यांत होता. अशा तीन मोठ्या धमन्या असतात. एक बुजली तर बाकीच्या तिचं काम सांभाळून घेतात, त्यामुळे वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या फोटोत, बाबांच्या दोन खराब निघाल्या. जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही आणि कळ येते. हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत जशी कळ येते, अँजायना, तसाच हा पोटातला. बारा किलो वजन गेलं ते यातच.

आता बाबा, तुम्ही. 'या वयात पोट फाडून घेणार नाही' म्हणालात. फाडायचं कोणी सांगितलंय? जांघेतून किंवा हातातून बारीक नळी सरकवतात, बहुधा फक्त तेवढीच जागा बधिर करून. अरुंद जागी फुगा फुगवतात आणि तिथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवून ठेवतात. सगळं ठीक असेल तर एक-दोन दिवसांत घरी. अमेरिकेत डॉटर नावाच्या डॉक्टरांनी 1964 साली 82 वर्षांच्या एका बाईंच्या पायाची रक्तवाहिनी आतूनच नळी सरकवून रुंद केली होती. त्याही पाय कापून घ्यायला तयार नव्हत्या. हट्टात तुमच्या वरचढ.

लपवत काहीच नाही. पोट उघडून केलेली बायपास, म्हणजे बुजलेल्या जागेला वळसा घालून रक्ताला नवी वाट, जास्त टिकते, पण ती तुमच्या अंगाला आत्ता झेपणार नाही. स्टेंट पुढे पुन्हा अरुंद होऊ शकतो, म्हणून अधूनमधून सोनोग्राफी करावी लागेल. गरज पडली तर बहुतेक वेळा पुन्हा आतूनच उघडता येतो. टोचल्या जागी रक्त येऊ शकतं, नळ्या फोटोत दिसाव्यात म्हणून टोचतात त्या औषधाचा मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतील आणि त्या मनाने बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी आधी विचारायचं.

पण 'दिवाळीनंतर बघू' हे मला मान्य नाही. उरलेल्या वाटेत अचानक गुठळी अडकली तर काही तासांत आतडं मरायला लागतं. एकाएकी असह्य दुखलं तर ओवा-हिंग करत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा. मला फोन वाटेतून करा. आणि विडी. यावर मी पूर्वी भांडले आहे, आता भांडत नाही. त्या नळ्या बुजवण्यात तिचा हात मोठा आहे, एवढंच.

सोमवारच्या एसटीने येते. आई, सीटीची सीडी, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि बाबांच्या साखरेच्या गोळ्या एका पिशवीत काढून ठेव. त्यातली कुठली थांबवायची ते डॉक्टरांना विचारायचंय. तोवर ताट भरून वाढू नकोस, थोडं थोडं पाच-सहा वेळा दे. आणि ते जेवताना समोर बसून घास मोजू नकोस. त्यांना अवघडल्यासारखं होतं, त्यांनीच मला सांगितलं.

तुमची
धाकटी